सेल्फ वॉटरिंग हँगिंग कुंड्या: वर्षभर वापरून झाल्यावर

तीन कुंड्यांचा सेट मागच्या फेब्रुवारीत ऑनलाइन मागवला होता, ८ इंची, पांढरं प्लास्टिक, खाली पाण्याची टाकी आणि आत सुती वात. लगेच लिहिलं नाही कारण पहिल्या महिन्यात सगळ्याच कुंड्या छान वाटतात. घ्यायचं कारण एकच, मे महिन्यात आम्ही डोंबिवलीचं घर बंद करून बारा-पंधरा दिवस गावी जातो आणि परत यावं तर गॅलरीतले टांगलेले वेल दरवर्षी वाळून गेलेले. खालच्या कुंड्यांना शेजारच्या काकू पाणी घालतात, पण वरच्यांसाठी त्यांना या वयात स्टुलावर चढा म्हणणं मला पटत नाही.

काम साधं आहे. निरांजनात वातीतून तूप चढतं तसं टाकीतलं पाणी वर मातीत चढतं, माती सुकेल तसं ओढून घेते. बाजूच्या तोंडातून पाणी ओतायचं, आत लाल काडी आहे ती खाली गेली की टाकी रिकामी. फक्त एक गोष्ट सूचनेच्या कागदावर नाहीये, ती मी सांगते: लावताना वात आधी भिजवून घ्या आणि पहिल्यांदा वरून भरपूर पाणी घालून सगळी माती ओली करा, नाहीतर पाणी चढतच नाही. माझ्या एका कुंडीत आठवडाभर टाकी भरलेली आणि वर माती कोरडी ठाक, असं झालं होतं. आणि नुसती लाल माती भरू नका, घट्ट बसते आणि वजन पण होतं. मी निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि बाकी गांडूळखत, परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) असं घेतलं, तरी पाण्यासकट कुंडी तीन किलोच्या वर भरली.

मे महिन्यात १३ दिवसांनी परत आलो तेव्हा मनी प्लांट जसाच्या तसा, उलट दोन नवी पानं, स्पायडर प्लांट पण टवटवीत. मला इतका आनंद झाला की बॅगा तशाच टाकून आधी गॅलरीत उभी राहिले!

तिसऱ्या कुंडीत मात्र स्ट्रिंग ऑफ हार्ट्स होती आणि ती सडली. चूक कुंडीची नाही, पण पॅकिंगवर 'सर्व झाडांसाठी' लिहिलंय ते बरोबर नाही. हा वेल मूळचा दक्षिण आफ्रिकेकडचा, पानांत आणि वेलीवरच्या मण्यांसारख्या गाठींत पाणी साठवून ठेवतो, त्याला दोन पाण्यांच्या मधे माती चांगली सुकलेली लागते आणि वात तर ती सुकूच देत नाही. होया, स्ट्रिंग ऑफ पर्ल्स, असं जाड पानांचं काहीही यात लावू नका. गाठी असलेले तीन तुकडे वाचले होते, ते साध्या मातीच्या कुंडीत वाळू मिसळून वर नुसते टेकवून ठेवले, आता वीतभर झालेत.

आता माझी खरी तक्रार. पाणी ओतायच्या तोंडाला झाकणच नाही. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, घरात लहान मुलं आहेत, आणि इतकी साधी गोष्ट बनवणाऱ्याने सोडून द्यावी याचा राग येतो. मी मलमलचं कापड रबरबँडने बांधलंय, आणि जून ते सप्टेंबर टाक्या रिकाम्याच ठेवते, आमच्याकडे त्या दमट हवेत माती तशीही सुकत नाही, वरून थोडं पाणी पुरतं. दुसरं म्हणजे हुक. प्लास्टिकचा आहे, उन्हाने ठिसूळ होऊन दहाव्या महिन्यात एक तुटला, नशीब खाली कोणी नव्हतं. विकणाऱ्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. तिन्हींना आता हार्डवेअरच्या दुकानातली साखळी लावली आहे.

महिन्यातून एकदा टाकी रिकामी करून वरून भरपूर पाणी सोडा, कारण खालून पाणी चढलं की त्यातले क्षार मातीच्या वर येऊन पांढरा थर जमतो. आणि वेल खाली लांब पण वरून टकला होतोय म्हणून कुंडीला दोष देऊ नका, छताला चिकटून टांगलं की उजेड खालच्या पानांनाच मिळतो. मी साखळी लांब करून कुंडी खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत खाली आणली, दोन लांब वेल कापून, पेरं मातीला टेकतील असे वर गोल फिरवले आणि केसांच्या पिनांनी दाबले. महिन्याभरात तिथून फुटवे आले. मोठ्या पानांची हौस असेल तर मात्र मनी प्लांट काठीवर चढवा, लोंबत ठेवला की पानं लहानच राहतात.

७९९ ला तीन, पाणी लागणाऱ्या वेलांसाठी पैसे वसूल. मी अजून एक सेट घेतेय, दुसऱ्या कंपनीचा, फोटोत झाकण आणि लोखंडी साखळी दोन्ही दिसतायत. त्यातली एक कुंडी काकूंच्या खिडकीला, हात पोचेल इतक्या खाली, मनी प्लांटची कटिंगं त्यासाठी बाटलीत ठेवली आहेत आणि मुळं बोटभर झालीत.