आंब्याखालची बैठक: १० महिने वापरल्यावर

मागच्या मे महिन्यात साताऱ्याच्या घराची परसदारची १५ बाय २० फुटांची जागा नीट करून घेतली. आता मार्च संपत आलाय, पावसाळा थंडी सगळं बघून झालं म्हणून लिहितेय, कारण काम झालं त्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं.

डिझाईन कागदावर झकास होतं. मधे लॉन, कोपऱ्यात आंब्याखाली शहाबादी फरशीचा ओटा, त्यावर बांबूच्या दोन खुर्च्या. माळीकाका तेव्हाच म्हणाले होते, "वहिनी, आंब्याखाली लॉन न्हाय टिकायचं." ऐकतंय कोण! ऑगस्टपर्यंत सावलीतलं गवत पार विरळ झालं आणि खाली चिखल. फरशीवर असलं शेवाळ धरलं की सासूबाई एकदा पडता पडता वाचल्या, मग पाट्याला लावतात तशी टाकी लावून ती खडबडीत करून घेतली, हे आधीच करायला हवं होतं. बांबूला कीड लागली ती वेगळीच, रोज सकाळी खुर्चीखाली पिवळसर भुसा.

पण खरी गंमत जानेवारीत. आंबा मोहरला, मी खूश, चहा घेऊन बसले तर खुर्ची चिकट, कपबशी चिकट, केससुद्धा चिकट. मोहरावर तुडतुडे होते, ते रस शोषतात आणि गोड चिकटा खाली गाळतात, त्यावर नंतर काळी बुरशी चढते. ढगाळ हवा असली की जास्तच. म्हणजे बसायच्या ऐन थंडीच्या दिवसांत बैठक बंद!

आणि मग लक्षात आलं की आम्ही सगळे बसतो कुठे, तर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराच्या पायरीवर. परसदार पूर्वेला, त्यामुळे दुपारनंतर तिथे घराचीच सावली, हाताशी गवती चहा आणि कढीपत्ता, गॅसवरचं दूधही दिसतं. शेवटी माळ्यावरची जुनी बंगई उतरवून तिथेच टांगली. एवढा खर्च करून बसतोय फुकटच्या जागेत, हे नवरोबा रोज ऐकवतात.

झाडांबद्दल तक्रार नाही. सोनचाफ्याचं कलम लावलं होतं, पहिल्याच वर्षी फुललं. लॉनच्या जागी मोरीचं पाणी वळवून कर्दळ आणि अळू लावलाय, दोन्ही माजलेत. रातराणी मात्र बेडरूमच्या खिडकीखाली लावू नका, वासाने माझं डोकं चढायचं, आता कुंपणाकडे हलवलीय. कमळाच्या टबात गप्पी मासे सोडलेत, त्या टबात तरी डासांच्या अळ्या दिसत नाहीत.

माळीकाका म्हणतायत, फळं उतरली की आंब्याच्या आतल्या दाट फांद्या छाटू, ऊन-वारा आत गेला की तुडतुडे कमी होतील. या वेळी ऐकणारे.