यंत्राचा बळी: हुकुमाने की त्याच्याच निर्णयाने?

भाची अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बचावकार्याच्या रोबोटचा प्रकल्प करतेय आणि एकाच प्रश्नावर अडलीय: माणूस वाचवताना रोबोट गमवायचा, हे ऑपरेटरने ठरवायचं की रोबोटनेच?

जबाबदारी हा मला सर्वांत मोठा मुद्दा वाटतो. पुण्यात डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने घडवलेला बॉम्ब निकामी करणारा रोबोट 'दक्ष' दूरनियंत्रणावर चालतो. बॉम्बपाशी तो नष्ट झाला, तरी त्याला पाठवणारा माणूस समोर असतो. स्वतः ठरवणाऱ्या यंत्राची चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा? प्रोग्राम लिहिणाऱ्याला की विकत घेणाऱ्याला? शिवाय ज्याला जिवाची भीतीच नाही, त्याच्या नाशाला त्याग म्हणायला माझं मन धजत नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र दुसरा पर्याय सरस. 15 सप्टेंबर 2017 रोजी 'कॅसिनी' यान शनीच्या वातावरणात जळालं, एन्सेलाडस आणि टायटन हे शनीचे उपग्रह यानावरच्या पृथ्वीच्या जंतूंनी दूषित होऊ नयेत म्हणून. त्याचा संदेश पृथ्वीवर पोचायला 83 मिनिटं लागली. इतक्या लांबून हुकूम देणार कसा? अँटेना पृथ्वीकडे रोखून धरायला ते शेवटपर्यंत स्वतःच झगडलं. पण त्याचा शेवट माणसांनी आधीच ठरवला होता.

खर्च? यंत्र दोन्हीकडे जातंच. स्वायत्त यंत्राच्या चाचण्या तेवढ्या वाढतात.

ढिगाऱ्यापाशी संपर्क शाबूत असेल तर ऑपरेटरचाच हुकूम हवा. खोल बोगद्यात किंवा अंतराळात संपर्क तुटणारच असेल, तर यंत्राला ठरवू द्यावं. मात्र कशासाठी काय गमवायचं, ते आधीच कोणा माणसाच्या सहीनिशी लिहिलेलं असावं.