इस्तंबूलचा कुकिंग क्लास: पैसे भरण्याआधी घड्याळ बघा

‘मांती, सारमा, मसूर सूप, सगळं स्वतःच्या हातानं, फक्त दीड तासात!’ (मांती म्हणजे खिमा भरलेल्या कणकेच्या चिमुकल्या पुड्या, सारमा म्हणजे भाताचं सारण भरलेल्या पानांच्या गुंडाळ्या.) सुलतानअहमद-एमिनोन्यू भागात असा क्लास कोणी विकत असेल, तर फसवणूक त्या दीड तासातच लपलेली आहे.

मांतीची कणीक घट्ट असते. 500 ग्रॅम मैदा, 1 अंडं, मीठ आणि साधारण 200 मिली पाणी. दहा मिनिटं मळून किमान अर्धा तास झाकून ठेवावी लागते, नाहीतर ओक्लावा (त्यांचं लांब, बारीक लाटणं) फिरवलं की पोळी आखडते. मग दोन सेंटिमीटरचे चौकोन, त्यात हरभऱ्याएवढा कच्चा खिमा, आणि चारी टोकं चिमटायची. नवख्याचा तास त्यातच जातो. सारमा तर भरून झाल्यावरही मंद आचेवर पाऊण तास घेते.

म्हणून चौकोन आधीच कापलेले असतात. तुम्ही दहा-बारा चिमटता, फोटो काढता, आणि ताटात येते ती विकतची गोठवलेली मांती. सगळे तुकडे एकसारखे, आणि तुमचा वाकडातिकडा एकही सापडत नाही, तेव्हा काय ते समजा.

खरा खिसा कापला जातो तो नंतरच्या ‘मोफत बाजारफेरीत’. शिक्षक ओळखीच्या मसालेवाल्याकडे नेतो. त्याचं कमिशन तुमच्या बिलात असतं. तिथे केशर म्हणून विकतात त्या बऱ्याचदा करडईच्या पाकळ्या. सोलापूर-मराठवाड्याच्या माणसानं तरी त्या ओळखाव्यात! अस्सल केशराची काडी एका टोकाला तुतारीसारखी रुंद असते. पाण्यात रंग सावकाश सुटतो आणि काडी लालच राहते. ‘हिंत सफ्रानी’, म्हणजे हिंदुस्थानी केशर, या नावाखाली मिळते ती तर चक्क आपली हळद.

पैसे देण्याआधी लेखी विचारा: एका ओट्यावर किती जण, कणीक कोण मळणार, बाजारफेरी टाळता येईल का. शाकाहारी असाल तर सूप ‘एत सुयु’त, म्हणजे मांसाच्या पाण्यात, शिजवतात का तेही. क्लास सहल म्हणून विकणाऱ्या एजन्सीकडे ‘तुर्साब’ या ट्रॅव्हल एजन्सींच्या संघटनेचा नोंदणी क्रमांक मागा, तुर्कस्तानात ती नोंदणी कायद्यानं लागते. कार्ड मशीननं रुपये की लिरा विचारलं तर लिराच निवडा, रुपयांचा दर महागात पडतो. आणि पावतीवर क्लासचे तास व पदार्थ लिहून घ्या. वाद झाला तर पर्यटक पोलिसांसमोर ठेवायला तेवढाच कागद हाती असतो.