तीन प्रतींचं पुस्तक: अप्पा बळवंत चौकातली वाचनप्रत

कादंबरी लिहून झाली आहे, प्रकाशक ठरलेला नाही आणि सगळा मजकूर लॅपटॉपमध्ये पडून आहे. या अवस्थेत ‘मी लेखक आहे’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. पुण्यात यावर एक हाताशी असलेली सोय आहे. अप्पा बळवंत चौक आणि भोवतालच्या पेठांमध्ये डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी), डिजिटल प्रिंट आणि बाइंडिंगची दुकानं आहेत आणि तिथे अगदी तीन प्रतींचं पुस्तकही करून मिळतं, म्हणजे प्रकाशनाआधी वाचून दुरुस्त करायची वाचनप्रत. हे परीक्षण त्या सेवेचं आहे, कुठल्या एका दुकानाचं नाही. प्रत चांगली होते की बिघडते हे बरंचसं तुम्ही काय घेऊन जाता आणि काय विचारता यावर ठरतं.

मत आधीच सांगून टाकतो. ए-5 आकार, 80 जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, साध्या कार्डाचं मुखपृष्ठ, परफेक्ट बाइंडिंग (कण्याला गरम गोंद लावून केलेली बांधणी) आणि प्रती तीनच. पैसे आणि उपयोग यांचा मेळ इथे सगळ्यात चांगला बसतो.

आकाराचा हिशोब असा. खूपशा मराठी कादंबऱ्या डेमी अष्टमांश आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचात निघतात. ए-4 कागद मधोमध कापला तर उंची जेमतेम सव्वाआठ इंच मिळते, त्यामुळे डेमीसाठी बारा बाय अठरा इंचाचा मोठा कागद घ्यावा लागतो आणि दर चढतो. ए-5 त्याच्याइतकंच हातात बसतं आणि ए-4 मधून कागद वाया न जाता निघतं. 12 पॉइंटात एका पृष्ठावर साधारण 230 ते 250 शब्द बसतात. चाळीस हजार शब्दांची कादंबरी 170 पृष्ठांच्या आसपास जाते, म्हणजे 85 पानं. 80 जीएसएम कागदाची जाडी अंदाजे 0.1 मिलिमीटर, तेव्हा कणा साडेआठ-नऊ मिलिमीटरचा होतो. त्यावर नाव सहज बसतं. पुस्तक फळीवर उभं राहिलं आणि कण्यावरचं नाव लांबून वाचता आलं की आत कुठेतरी काहीतरी बदलतं, हे खरं आहे. त्याची लाज वाटून घेऊ नये.

दर विचारताना मात्र शब्द जपून वापरा. दुकानदार दर ‘पानाला’ सांगतो. पान म्हणजे एक बाजू की दोन्ही बाजू, ए-4 चं की ए-5 चं, हे विचारलंच नाही तर बिल दुप्पट वाटतं आणि वाद होतो. ‘ए-4 वर एका बाजूला दोन पृष्ठं, बॅक टू बॅक, कटिंग धरून’ असं स्पष्ट बोलून एकूण आकडा लिहून घ्या. कॉलेजांच्या प्रोजेक्ट रिपोर्टांचा हंगाम टाळा. त्या दिवसांत काम घाईत उरकलं जातं आणि कटिंग तिरपं होतं.

आता खरी मेख. खूपशा वाचनप्रती अक्षरांपायी बिघडतात. तुम्ही मोबाईलवर किंवा वर्डमध्ये लिहिता ते युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. अनेक डीटीपीवाले मात्र अजून पेजमेकर या जुन्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टवर काम करतात आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही. मग मजकूर कन्व्हर्टरमधून काढला जातो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं: वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, रफाराचा र् आधी. कन्व्हर्टरला ही अदलाबदल प्रत्येक शब्दात करावी लागते आणि जोडाक्षर आलं की तो चुकतो. ‘स्थिती’, ‘मूर्ती’, ‘निर्मिती’ हे शब्द शोधून बघा, बिघाड असेल तर तिथे दिसेलच. अवतरणचिन्हं आणि मजकुरातले रोमन शब्दही अशा वेळी भलत्याच अक्षरांत बदलतात.

सगळ्यात जास्त छळतो तो अर्धा ऱ. ‘दुसऱ्या’ हा शब्द जवळून पाहा. यात य च्या आधी चंद्रकोरीसारखा अर्धा ऱ हवा. तो युनिकोडमध्ये नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ला हलन्त (पाय मोडण्याची खूण) देऊन येतो. साधा र वापरला की रफार होऊन ‘दुसर्या’ उमटतं. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘करणाऱ्या’ यांचीही तीच गत. कादंबरीत असे शब्द शेकड्यांनी येतात आणि मराठी वाचणाऱ्या माणसाला ते खड्यासारखे लागतात. ‘ॲ’ चंही असंच आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, त्यामुळे जुन्या कीबोर्डवरून आलेल्या मजकुरात ते अ वर चंद्र देऊन केलेलं असतं. दिसायला सारखं, पण फाइंड-रिप्लेसला सापडत नाही. दोन्ही रूपं शोधून एक करून घ्या.

यावर उपाय सोपा आहे. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा आणि मांडणी स्वतः करून पीडीएफ घेऊन जा, फॉन्ट त्यात एम्बेड करून, म्हणजे फाईलमध्येच सामावून. वर्डची फाईल देऊ नका. दुकानातल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर दुसराच लागतो, ओळी सरकतात आणि 170 पृष्ठांची 178 होतात. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे फॉन्ट मोफत आहेत आणि त्यांत मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श मिळतो. विंडोजच्या मंगलमध्ये हिंदी वळण येतं. मांडणी इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये करून घेणार असाल तर ऑपरेटरला वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी त्यातली सोय) लावला आहे का हे विचारा. नसेल तर जोडाक्षरं हलन्तांसह सुटी पडतात.

समासात कंजुषी नको. बांधणीच्या बाजूला किमान 20 मिलिमीटर, बाहेर 15. परफेक्ट बाइंडिंगमध्ये कण्याकडचा दोन-तीन मिलिमीटर कागद खरवडून जातो आणि उरलेल्यातला काही भाग वळणात लपतो. आतला समास 12 ठेवला तर प्रत्येक ओळीचा शेवटचा किंवा पहिला शब्द वाचायला पुस्तक फाकवावं लागतं, आणि फाकवलं की पानं सुटतात. मुखपृष्ठाची फाईल एका सलग कागदाची हवी: 148 अधिक कणा अधिक 148, चारही बाजूंना 3 मिलिमीटर जादा.

बाइंडिंगचे तीन प्रकार समोर येतात. स्पायरल स्वस्त, टेबलावर सपाट उघडतं, खुणा करायला उत्तम. पण ते वहीसारखं दिसतं आणि वाचणारा त्याच्याशी वहीसारखाच वागतो. दुसरं टोक म्हणजे ब्लॅक बुक: रेक्झिनची पुठ्ठा बांधणी, वर सोनेरी अक्षरं. प्रबंधांसाठी पुण्यात हे काम वर्षानुवर्षं होतंय आणि हात बसलेले आहेत. पण लहान टायपात सोनेरी फॉइल अनुस्वाराच्या टिंबाभोवती पसरतं, मात्रा जाड होतात, आणि मुख्य म्हणजे अशा जड प्रतीवर पेन्सिल चालवायला हात धजत नाही. दुरुस्तीला घाबरवणारी वाचनप्रत काय कामाची?

मधली परफेक्ट बाइंडिंग घ्या, पण दोन गोष्टी तपासून. कागदाचा धागा कण्याला समांतर असावा. आडवा असेल तर पानं ताठ राहतात, पावसाळ्यात कडांना लाटा येतात आणि गोंदावर ताण पडतो. ओळखायचं कसं? एक पान उभं आणि आडवं हलकेच वाकवून बघा. सहज वळताना बाकाची रेघ ज्या दिशेला असते, त्या दिशेला धागा. दुसरं म्हणजे गरम गोंद. प्रत हातात पडली की ती लगेच सताड उघडून बघू नका, एक दिवस वजनाखाली राहू द्या. मग मधलं एक पान धरून हलकेच ओढा. ते निघालं तर प्रत परत करा. शिवून केलेली जुजबंदी याहून कितीतरी टिकाऊ, पण तीन प्रतींसाठी कारागीर मिळणं आणि ते परवडणं दोन्ही अवघड.

एवढी खटपट कशासाठी, तर वाचण्यासाठी. मोबाईलवर चार-पाच शब्दांची असलेली ओळ इथे नऊ-दहा शब्दांची होते. स्क्रीनभर पसरलेला परिच्छेद सहा ओळींत संपतो आणि पोकळ निघतो. ‘आणि मग’ एकाच पृष्ठावर चारदा आलेलं समोरासमोर दिसतं. पात्राचं नाव पृष्ठ 40 वर सुमन आणि 112 वर सुमती झालेलं हाताला लागतं. स्क्रीनवर माणूस टाईप करणाऱ्याच्या नजरेने बघतो, बांधलेल्या प्रतीत वाचकाच्या. स्वतःच्या मजकुराकडे वाचकाच्या नजरेने बघून तो बदलता येणं, याला मी लेखक असणं म्हणतो. त्याला प्रकाशकाच्या पत्राची वाट बघावी लागत नाही.

तीन प्रतींतली एक तुमच्या पेन्सिलीसाठी. दुसरी अशा माणसाला द्या जो प्रमाणलेखन डोळ्यांत तेल घालून बघेल. तिसरी अशाला, जो फक्त गोष्ट वाचेल आणि कुठे कंटाळा आला तिथे पान दुमडेल. दुमडलेली पानं लांबलचक अभिप्रायापेक्षा जास्त सांगतात.

आतल्या पहिल्या पानावर ‘अप्रकाशित वाचनप्रत’, खर्डा क्रमांक आणि तारीख छापा. किंमत, प्रकाशनाचं काल्पनिक नाव किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) घालू नका, पुढे प्रकाशकाशी बोलताना त्याने घोळ होतो. मजकूर चोरीला जाईल ही धास्ती असेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लिहिल्याक्षणीच तुमचा असतो. नोंदणी ऐच्छिक आहे, पुराव्याला उपयोगी पडते. पीडीएफ दुकानाच्या संगणकावरून तुमच्यासमोर पुसायला सांगा आणि रद्दीत टाकलेली चाचणीची पानं मागून घ्या.

पुढचा खर्डा छापताना मुखपृष्ठाचा रंग बदला. दुसरा निळा, तिसरा पिवळा. नाहीतर ऐन वेळी जुनीच प्रत कुणाच्या तरी हातात जाते.