स्टीव्हिया: चहाला पास, शिऱ्याला नापास

आधी निकाल सांगून टाकते. चहा, सरबत आणि दह्यासाठी स्टीव्हिया, म्हणजे साखरेऐवजी वापरायचा एका झाडाच्या पानांचा गोड अर्क, आमच्या घरात राहणार आहे. गोडाधोडातून मात्र तिला रजा दिली आहे. दिवाळी आटोपल्यावर सुरुवात केली होती, आता गणपती तोंडावर आलेत. मधल्या काळात ड्रॉप्स, पुड्या, मिश्र पावडर आणि कुंडीतलं झाड असं सगळं वापरून झालं.

कारण नेहमीचंच. एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, 6.2 आलं, म्हणजे 5.7 ते 6.4 या मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पट्ट्यात. डॉक्टर म्हणाले, गोळी एवढ्यात नको, साखर कमी करा आणि चालायला लागा. आता आम्ही वाळवा तालुक्यातली माणसं. शेतात ऊस, कारखान्याचे सभासद, सवलतीच्या दरातली साखर घरी येणार म्हणजे येणार. "ऊस आपला, कारखाना आपला, आणि साखर बाटलीतनं थेंबानं घ्यायची व्हय?" हे आमच्या ह्यांचं पहिलं वाक्य. पण माझे दिवसाचे पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे. नुसत्या चहातूनच 40-50 ग्रॅम साखर पोटात जात होती. चहा सोडणं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

चहाचं सविस्तर सांगते, कारण बहुतेकांना तेवढंच हवं असतं. पहिला घोट घेतला की गोडी लगेच लागत नाही, जरा मागून येते. आणि आली की जात नाही. कप ठेवला तरी जिभेच्या मागच्या बाजूला ज्येष्ठमध चघळल्यासारखी चव रेंगाळते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमी गोड वाटलं म्हणून आणखी थेंब टाकायचे नाहीत. एका मर्यादेपुढे गोडी वाढत नाही, कडवटपणा तेवढा वाढतो. साखरेचा हात सैल सोडायची सवय असलेल्यांना इथंच चटका बसतो. माझ्या कपाला दोन थेंब पुरतात, तिसऱ्याला चहा औषध होतो. आलं ठेचून घातलं किंवा गवती चहा टाकला तर तो कडवटपणा बराच झाकला जातो. नुसत्या दुधाच्या गुळमट चहात तो उघडा पडतो. साखर गेल्यावर चहा पातळ लागतो हेही खरं, म्हणून मी दूध थोडं जास्त आटवते. उष्णतेनं स्टीव्हिया बिघडत नाही, पण थेंब कपातच टाका, म्हणजे एकाच पातेल्यात सगळ्यांचा चहा होतो.

सासूबाईंनी एकदाच चव घेतली. "अगं, साखर नको तर नको घालू, पण ह्याच्यापरीस फिका बरा," म्हणाल्या आणि खरोखरच फिका प्यायला लागल्या. एका अर्थी त्यांनी माझ्यावर मात केली.

लिंबू सरबताला मात्र पैकीच्या पैकी गुण. आंबट, खारट आणि जिऱ्यापुढे मागची चव कळतही नाही. कोकमाच्या आगळालाही तसंच. उन्हाळ्यात पाहुण्यांना न सांगता दिलं, कुणी ओळखलं नाही.

आता पाकिटांबद्दल. समोर हिरवं पान, 'नैसर्गिक' आणि 'स्टीव्हिया' ही अक्षरं मोठी. पाकीट उलटं करून घटक वाचले की कळतं, आत बहुतांश भलतंच आहे. यात लबाडी आहेच असं नाही. पानातला गोड अर्क साखरेपेक्षा 200 ते 300 पट गोड, त्यामुळे चमच्याने घेण्याजोगा करायला त्यात काहीतरी भर घालावीच लागते. ती भर कशाची, एवढं बघायचं. मी आणलेल्या पुड्यांत माल्टोडेक्स्ट्रिन होतं, म्हणजे झटकन ग्लुकोज होणारं पिठूळ. एका पुडीत ते ग्रॅमभरच असतं, पण साखर टाळण्यासाठी पैसे मोजून तेच कशाला घ्यायचं? मिश्र पावडरीत एरिथ्रिटॉल नावाचा दुसरा गोडवा होता. त्यानं रक्तातली साखर वाढत नाही, मोजमाप साखरेच्या जवळपास जातं, पण जिभेला एकदम गार लागतं. गरम खिरीत ती थंडाई फार विचित्र वाटते. शिवाय 2023 मध्ये रक्तातल्या एरिथ्रिटॉलचा हृदयविकाराशी संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून कारण सिद्ध होत नाही, पण माझा त्यावरचा जीव उडाला. म्हणून ड्रॉप्सच. पानात गोड घटक बरेच असतात, त्यातलं रेबॉडिओसाइड ए, म्हणजे रेब-ए, लेबलवर लिहिलेलं बघा. स्टीव्हिओसाइड या दुसऱ्या घटकापेक्षा ते कमी कडू असतं.

'नैसर्गिक' म्हणावं की नाही, हा प्रश्न कुंडीतल्या झाडानं सोडवला. झाड दिसायला साधं, सूर्यफुलाच्या कुळातलं. मूळ पराग्वेचं, तिथले ग्वारानी लोक त्याची पानं आधीपासून वापरत होते, 1899 मध्ये मोइझेस बर्टोनी या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं शास्त्रीय नोंद केली. पान तोडून चावलं तर खरंच गोड, पण त्यासोबत हिरवट, तुरट चवही येते. वाळवून पूड केली, चहात टाकली, तर चहाला काढ्याचा रंग आणि काढ्याचाच वास. बाटलीत जे येतं ते पाण्यात काढून, गाळून, शुद्ध केलेलं असतं. मुळात झाडाचं, पण कारखान्यातून आलेलं. साखरही तशीच येते की. झाड लावणाऱ्यांना एकच सूचना: पाणी साचू देऊ नका. आमच्या काळ्या मातीत पहिल्याच मोठ्या पावसानं मूळ कुजलं.

गोडाधोडाचं बोलायचं तर शिरा हे उत्तम उदाहरण. रवा साजूक तुपात खमंग भाजला, दूध घातलं, वाफ आणली आणि साखरेऐवजी थेंब. एरवी साखर घातल्याबरोबर शिरा क्षणभर सैल होतो, चकाकतो आणि मग कडेनं सुटायला लागतो. इथं तसं काहीच झालं नाही. रवा कोरडा, गुठळ्या जशाच्या तशा, तूप वेगळं. गोड होता, पण तोंडाला उपम्यासारखा लागत होता. साखर विरघळून ओलावा धरते, पदार्थाला अंग देते, पाक होते, तापली की तांबूस रंग आणि वास देते. स्टीव्हिया यातलं एकही काम करत नाही. वड्या, लाडू, चिक्की तर सोडाच. मुरंब्याच्या वाटेला मी गेलेच नाही. तिथं साखर टिकवण्याचं काम करते, थेंबांवर ठेवलेल्या कैरीला बुरशी यायला वेळ लागायचा नाही.

सुरक्षिततेचं नेहमी विचारलं जातं. अन्न आणि आरोग्य या दोन जागतिक संघटनांच्या संयुक्त समितीनं 2008 मध्ये रोजची मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलोला 4 मिलिग्रॅम, स्टीव्हिओलच्या (या गोड घटकांच्या गाभ्यातल्या रेणूच्या) हिशेबात. साठ किलोच्या माणसाला शुद्ध रेब-ए साधारण 700 मिलिग्रॅम, म्हणजे 140 ग्रॅम साखरेएवढी गोडी. चहा पिऊन तिथवर पोचणं अवघड आहे. भारतात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2015 मध्ये परवानगी दिली. मात्र वजन उतरवायला म्हणून घेणार असाल तर जरा थांबा: जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये वजन नियंत्रणासाठी बिनसाखरेचे गोडवे वापरू नका असं सुचवलं, त्यात स्टीव्हियाही आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही.

माझं एचबीए1सी आता 5.9 आहे. पण याच काळात सकाळचं चालणं सुरू झालं आणि रात्रीचा भात बंद झाला, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं? बाटलीला तरी देणार नाही. जाणवलेला एक फरक मात्र नक्की आहे, परगावी कुणाकडे साखरेचा चहा घेतला की तो आता पाकासारखा लागतो.

पैशाचं म्हणाल तर 40-45 रुपये किलोच्या साखरेशी तुलनाच नको. पण बाटली एकट्या माझ्यासाठी असल्यानं बरेच दिवस जाते.

श्रीखंडाला अर्धी युक्ती जमली आहे, ती सांगून ठेवते. नुसत्या थेंबांनी चक्का घट्टच राहतो आणि आंबटपणा वर येतो. म्हणून साखर नेहमीच्या निम्मी घालून तासभर मुरू द्यायची, मग पुरणयंत्रातून काढायचं, आणि शेवटी चव बघत एकेक थेंब. केशर, वेलदोडा, जायफळ हात न आखडता. आम्रखंडाला हापूस चांगला पिकलेला असेल तर थेंबांचीही गरज पडत नाही.