हापूसचं पाणी ठरवायला उपग्रह की ड्रोन?

वरून बाग बघून पाणी ठरवायचं तंत्र रुळलं ते द्राक्षबागांत. कॅलिफोर्नियात २०१३ पासून ग्रेपेक्स प्रकल्पात वेलींच्या पाण्याचा हिशेब असा मांडला जातोय. तो हिशेब कोकणातल्या कातळावरच्या हापूस कलमांना जसाच्या तसा बसत नाही. हापूस सदाहरित. मुळं कोरडी पडली तरी पान बरेच दिवस हिरवंच राहतं. त्यामुळे एनडीव्हीआयचा, म्हणजे पानांचा हिरवेपणा मोजणाऱ्या निर्देशांकाचा, हिरवा नकाशा बघून पाणी लांबवू नये, मग तो उपग्रहाचा असो वा ड्रोनचा.

ड्रोनची खरी ताकद थर्मल कॅमेऱ्यात. तहानलेलं झाड पर्णरंध्रं मिटतं, पान तापतं, आणि ते एकेका कलमागणिक दिसतं. ड्रिपर चोंदलेलं एखादंच झाड हुडकायचं असेल तर ड्रोनला तोड नाही. उडवण्याआधी कॅमेरा १५ मिनिटं चालू ठेवून स्थिर होऊ द्यावा लागतो. तुलनेसाठी एक भिजवलेला आणि एक कोरडा पृष्ठभाग चित्रात हवा. रत्नागिरी किंवा चिपी विमानतळाच्या आसपास बाग असेल तर आधी डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणाऱ्या सरकारी संकेतस्थळाचा, नकाशा बघावा. हे सगळं जमवता येतं.

जमत नाही तो वारा. पानाच्या तापमानातला फरक ठळक दिसतो तो १२ ते २ च्या उन्हात, आणि नेमका त्याच सुमारास किनाऱ्यावर खारा वारा सुटतो. वारा लागला की तापलेलं पानही गार होतं आणि तहानलेलं झाड तृप्त दिसतं. सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, समुद्राकडच्या कडेला वारा जास्त, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आडोशाला कमी. मग नकाशात पाण्याऐवजी वाराच उमटतो. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, वारा पडल्यावर उडवावं तर ऊन पुरेसं चढलेलं नसतं. घाटावर ही अडचण एवढी नडत नसावी, इथे मात्र तिला उपाय सापडत नाही. माझा कल उपग्रहाकडे झुकला तो यामुळेच.

सेंटिनल-२ या युरोपीय उपग्रहांचं चित्र दर ५ दिवसांनी, फुकट. बागेला पाणी देण्याच्या हंगामात आभाळही बहुतेक निरभ्र असतं. ही चित्रं दाखवणाऱ्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर बागेची हद्द आखून एल२ए, म्हणजे हवेचा परिणाम वजा केलेलं, चित्र आणि ओलाव्याचा निर्देशांक, म्हणजे एनडीएमआय, निवडायचा. तो पानातल्या पाण्यावर चालतो, तापमानावर नाही, त्यामुळे वाऱ्याने बिघडत नाही. अडचण आहे ती २० मीटरच्या चौकोनाची, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवरची जेवढी जागा व्यापतो तिची. १० बाय १० मीटरवर लावलेल्या बागेत एका चौकोनात ४ कलमं येतात आणि मधलं गवतही. डिसेंबर-जानेवारीत गवत सुकलं की आकडा घसरतो, आणि झाडांना काहीच झालेलं नसतं.

याला मात्र उपाय आहे. सगळ्या बागेतलं गवत एकाच वेळी काढून आळ्यात आच्छादन करावं. मग नुसता आकडा न बघता, एकाच तारखेच्या चित्रात आपल्याच बागेचे दोन भाग ताडून पाहावेत. गडग्यालगतचे चौकोन सोडून द्यावेत, शेजारचं रान त्यात मिसळतं. एक भाग सलग दोन चित्रांत दुसऱ्याच्या मागे पडला तर तिथे आळ्यात फूटभर उकरून माती मुठीत दाबून बघावी. तांबूस पालवी किंवा मोहोर आलेला भागही वेगळा दिसतो, तेव्हा पाण्याचं निदान करण्याआधी झाडाकडे एक नजर टाकलेली बरी.

फळं वाटाण्याएवढी झाल्यावर दर १५ दिवसांनी झाडाला १५० ते २०० लिटर, हे नेहमीचं प्रमाण. दोन पाण्यांच्या मधे साधारण ३ चित्रं मिळतात. फळगळ सुरू होण्याआधी मागे पडलेला भाग हेरायला तेवढी पुरतात. असा भाग बहुधा उथळ मातीचा निघतो. कातळ फोडून भरलेल्या खड्ड्यात २०० लिटर एकदम सोडलं तर बरंचसं फटींतून निघून जातं. तिथे पाणी वाढवण्यापेक्षा तेच दोन हप्त्यांत, आठवड्याला १०० लिटर द्यावं, आणि त्या भागाला व्हॉल्व्ह वेगळा ठेवावा.

५ बाय ५ ची छोटी घन लागवड किंवा माडाखालची सुपारीची वाडी असेल तर उपग्रहाचा फारसा उपयोग नाही. वाडीत सुपारी माडाच्या सावलीत असल्याने ड्रोनलाही वरून माडच दिसतात, तिथे आळ्यातली माती बघूनच पाणी सोडावं.