रायझन ५ ५६०० प्रोसेसर दोन उन्हाळे वापरून झाला, मग सांगतोय
सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, जकार्डची डिझाइनं मीच कॉम्प्युटरवर काढतो. जुन्या पीसीवर मोठी फाइल उघडायला लावली की चहा पिऊन यायचं, म्हणून नवीन असेंबल करून घेतला, एएमडी रायझन ५ ५६००, सहा कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं).

घ्यायच्या आधी एका दुकानात मला सरळ सांगितलं, ह्यात दोन कोर मेलेले असतात, खराब माल आहे, आठ कोरचाच घ्या. मी बिचकलोच. घरी येऊन वाचत बसलो तर गोष्ट अर्धी खरी निघाली. ह्याच्या आतला कोरचा तुकडा मुळात आठ कोरचाच बनवतात, टीएसएमसी ह्या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ७ नॅनोमीटर पद्धतीनं, ३०० मिलिमीटरच्या गोल वेफरवर (सिलिकॉनच्या पातळ चकतीवर) असे शेकडो तुकडे एकदम, आणि त्यात कुठं एखादा बारीक कण बसला की तेवढ्या जागेतला कोर जातो. एका कोरपायी अख्खा तुकडा फेकायचा का? मग दोन कोर कायमचे बंद करतात आणि सहाचा म्हणून विकतात. कधी तर आठही चांगले असतात, सहावाल्याला गिऱ्हाईक जास्त म्हणून दोन बंद केलेले.

आपल्याकडं काय करतात बघा की, मोठ्या टॉवेलला एका कडेला ताण्याचा धागा तुटून रेघ पडली तर तेवढा पट्टा कापायचा नि राहिलेल्याचे नॅपकिन शिवायचे. तो नॅपकिन पाणी कमी टिपतो का? ह्या प्रोसेसरचं तसंच आहे, चालू सहा कोर टेस्ट होऊनच येतात, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आठ कोरच्या ५८००एक्सला आहे तेवढीच पूर्ण मिळते, बॉक्सवाल्याला तीन वर्षांची वॉरंटी आहे. आणि हे आजचं नाही, प्लेस्टेशन ३ च्या चिपमध्ये आठ एसपीई (कोरसारखेच छोटे भाग) होते नि सातच चालू ठेवले होते. एएमडीचाच २००९ चा फिनॉम २ एक्स३ प्रोसेसर तर चार कोरमधला एक बंद करूनच विकला, लोकांनी बायोसमधून (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमधून) चौथा चालू करून बघितला, कुणाचा चालला, कुणाचा पीसी सारखा हँग. रायझनमध्ये बंद कोर तसे चालू होत नाहीत, आशा ठेवून घेऊ नका.

शेवटी नवी पेठेतल्या दुसऱ्या दुकानातून घेतला, त्यांनी समोर बसवून सगळं दाखवलं. एक मात्र आधी विचारून घ्या, ५६०० मध्ये ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग) नाही, वेगळं कार्ड लागतंच, माझ्याकडं जुनं होतं म्हणून भागलं.

काम एकदम झकास, तीच फाइल आता चटकन उघडते. पण मे महिन्यात दुपारी टेंपरेचर ८५ ला टेकायला लागलं तेव्हा मला वाटलं चिपच गेली, तो दुकानदार म्हणत होता तेच झालं. कॅबिनेट उघडलं तर सोबत आलेल्या कूलरच्या पात्यांत सुताची पांढरी लव अशी गच्च बसलेली की बोटानं सोलून काढली. रंगाच्या कोरड्या ब्रशनं झाडलं, तेच काम परत लावलं, ७० च्या आत. आता दर महिन्याला पहिल्या रविवारी झाडतो.